१८ लाखांत मिडसाइज एसयूव्ही कोणती घ्यावी आणि शोरूममध्ये भाव कसा करावा?

तुम्ही नाशिकला राहता, रोजचं जाणं-येणं तीसेक किलोमीटर, महिन्यातून एकदा मुंबई. सोबत गुडघे दुखणारे आईवडील. घरची २०१४ ची स्विफ्ट काढायची आहे आणि ऑन-रोड, म्हणजे कर-विमा सगळं धरून, १८ लाखांच्या वर जायचं नाही. ह्युंदाई क्रेटा, मारुती ग्रँड विटारा, होंडा एलिव्हेट, स्कोडा कुशाक यांत तुमचं अडलंय.

थेट सांगतो, तुमच्या जागी मी असतो तर एलिव्हेट किंवा क्रेटाची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली असती, आणि तीही मधल्या व्हेरिएंटची.

डिझेलचा विचार सोडा. क्रेटाचं डिझेल इंजिन उत्तम आहे, भरल्या गाडीने घाट चढताना त्याची ताकद जाणवते. पण तुमचा रोजचा प्रवास शहरातला, थोड्या थोड्या अंतराचा. बीएस-६ डिझेलमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरला अधूनमधून लांबचा सलग पल्ला लागतो, नाहीतर तो तुंबतो. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रस्ता कर १२ टक्के, डिझेलला १४. पंधरा लाखांच्या गाडीवर तिथेच तीस हजार जास्त जातात. आणि आता इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही जून २०२५ पासून सुरू आहे, त्यामुळे मुंबईला जाताना दर वेळी कसारा घाट चढायची-उतरायची गरज उरलेली नाही.

ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी-मोटर असलेली) शहरात खरंच कमी पेट्रोल पिते. तुमचं रनिंग वर्षाला साधारण १३-१४ हजार किलोमीटर होईल. साधी ऑटोमॅटिक १३ चं आणि हायब्रिड २१ चं मायलेज देईल असं धरलं तर वर्षाला चाळीसेक हजार वाचतात. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, म्हणजे तिची धास्ती नको. अडचण दोन ठिकाणी आहे. १८ लाखांत ती बसवायची म्हटलं तर ओढाताण होते, आणि बॅटरी मागे असल्याने डिकी छोटी, २६५ लिटरची. एलिव्हेटची ४५८ लिटर आहे. आईवडिलांना घेऊन चार दिवस बाहेर पडलात की फरक लगेच कळेल. कुशाक चालवायला या चौघींत सगळ्यात मजेची, २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच तारेही मिळाले आहेत. पण मागे तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो.

एलिव्हेटचं १.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन जुन्या पद्धतीचं आहे, टर्बो नाही. सीव्हीटीमुळे, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिकमुळे, जोरात ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं. तुम्ही शांतपणे चालवत असाल तर त्रास नाही. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर, आपल्याकडच्या स्पीडब्रेकरना पुरून उरतो. क्रेटात आतली सजावट आणि सोयी जास्त, भावही जास्त.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी. टेस्ट ड्राइव्हला आईवडिलांना घेऊन जा. आईंना रोजच्या साडीत मागच्या दारातून चार-पाच वेळा चढू-उतरू द्या. उंबरा किती उंच आहे, उतरताना पाय आधी जमिनीला टेकतो की सीटवरून घसरावं लागतं, आधाराला हात कुठे जातो, हे बघा. मग त्यांना मागे बसवून पंधरा मिनिटं गाडी फिरवा आणि स्वतःही पाच मिनिटं मागे बसा. गुडघ्यांच्या माणसाला खूप खाली बसणं जितकं जड, तितकंच खूप उंच चढणंही जड. व्हिडिओ पाहून हे कळत नाही. सनरूफसाठी वरच्या व्हेरिएंटला जाऊ नका, ते पैसे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला द्या.

भावाकडे वळू. नातेवाइकांनी २०२५ च्या मध्याला घेतलेल्या गाडीचं बिल समोर ठेवून तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. या आकाराच्या १.५ लिटर पेट्रोल गाड्यांवर आधी सेस धरून ४५ टक्के होते, आता ४० आहेत. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्या मात्र थेट १८ टक्क्यांवर आल्या, त्यामुळे दोन्ही वर्गांतलं अंतर वाढलं आहे. चौघंच असाल आणि सामान बेताचं असेल तर तिकडेही एकदा नजर टाका.

शोरूममध्ये "ऑन-रोड किती?" असं विचारलंत की तुम्हाला एकच मोठा आकडा मिळतो आणि बोलणी त्याच आकड्यावर फिरत राहतात. त्याऐवजी छापील कोटेशन मागा, एकेक ओळ वेगळी असलेलं. समजा एक्स-शोरूम, म्हणजे रस्ता कर आणि विमा सोडून, किंमत १५ लाख. त्याखाली आरटीओचे साधारण १ लाख ८० हजार, हे सरकारचे, यात घासाघीस नाही. टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, १ टक्का, म्हणजे १५ हजार. दहा लाखांवरच्या गाडीवर तो घेतात, पण तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करता येतो. तो खर्चात धरू नका, फक्त बिलावर पॅन बरोबर आहे ना ते बघा.

खरी जागा त्याच्या खालच्या ओळींत आहे. विमा, अ‍ॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग आणि 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाची ओळ. यातली हँडलिंगची ओळ सरकारी नाही. "ही काढा" एवढंच सांगा आणि गप्प बसा. बहुतेक वेळा निघते.

विम्यात सगळ्यात जास्त पैसा दडलेला असतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सगळ्या कंपन्यांचा सारखाच. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता मिळणारी भरपाई) आणि तेच इतर अ‍ॅड-ऑन धरून बाहेरचं कोटेशन काढा आणि शोरूमच्या कोटेशनशेजारी ठेवा. विमा त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती ते करू शकत नाहीत. "बाहेरून घेतला तर आमच्या वर्कशॉपला कॅशलेस मिळणार नाही" असं म्हणतील, तेव्हा त्या विमा कंपनीच्या गॅरेजांच्या यादीत वर्कशॉपचं नाव आहे का ते फोनवरच दाखवा. बऱ्याचदा ते स्वतःच दर खाली आणतात. मग त्यांच्याकडून घ्यायलाही हरकत नाही, क्लेमच्या वेळी एकाच दारात काम होतं.

स्विफ्टचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विसरू नका. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के होतो. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या विम्यात वापरता येतो. शोरूमवाला आपणहून ही आठवण करून देईलच असं नाही.

एक्स्चेंजमध्ये दोन आकडे वेगवेगळे विचारा, स्विफ्टची किंमत किती आणि बोनस किती. तीस हजारांचा बोनस दाखवायचा आणि जुन्या गाडीची किंमत चाळीस हजारांनी पाडायची, हा प्रकार सर्रास चालतो. आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी गाडी दाखवून आकडा घ्या. कॉर्पोरेट डिस्काउंटही विचारा. बँक, सरकारी खातं, शाळा, बऱ्याच नोकऱ्यांना लागू होतो.

सूट कधी जास्त मिळते? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कारण त्यांचं टार्गेट महिन्याचं असतं. डिसेंबरात, कारण जानेवारीत तीच गाडी 'गेल्या वर्षीची' होते. आणि पितृपक्षात, कारण शोरूम ओस पडलेलं असतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याला लोक स्वतःहून रांग लावतात, तेव्हा भाव कोण कमी करणार? घरात मुहूर्त पाळत असाल तर भाव पितृपक्षात पक्का करा, लेखी घ्या आणि डिलिव्हरी दसऱ्याला न्या. डिसेंबरची गाडी मात्र आठ-दहा वर्षं वापरणार असाल तरच घ्या, कारण विकताना वर्ष मोजलं जातं.

ठाणे, पुणे, संभाजीनगरच्या डीलरांकडूनही कोटेशन मागवा. रस्ता कर राज्यभर सारखाच, त्यामुळे तुलना सरळ होते. जुळ्या गाड्यांचाही उपयोग करा. ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर एकाच बिडदीच्या कारखान्यातून येतात, कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन दोन्ही चाकणच्या. एका ब्रँडचं कोटेशन दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलं की टीम लीडर आत मॅनेजरकडे जाऊन येतो.

बुकिंगची रक्कम कमीत कमी द्या आणि रद्द केल्यास किती परत मिळेल ते पावतीवर लिहून घ्या. पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर मागा आणि नोंदणी होण्यापूर्वी, दिवसाउजेडी, स्टॉकयार्डात जाऊन गाडी बघा. टायरवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. बॉनेट आणि दारांच्या कडांवर रंगाची छटा सारखी आहे का, किलोमीटर किती झालेत, पाहून घ्या. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते सांगितल्याप्रमाणेच आहे ना? एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली की गाडी नाकारणं फार अवघड जातं.

स्विफ्ट कोणालाही द्या, पण नवीन मालकाच्या नावावर आरसी झाल्याचं परिवहनच्या साइटवर स्वतः बघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोवर तिचं चलन आणि अपघाताची जबाबदारी तुमच्याच दारात येऊ शकते.