वाचकांचे प्रश्न : जुन्या सर्व्हरचा दुरून ताबा मिळत नाही तेव्हा

प्रश्न : आमची मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे. हिशेब आणि साठ्याच्या नोंदींसाठी आम्ही पुण्याहून वापरलेला डेल पॉवरएज आर७२० सर्व्हर घेतला. लिनक्स उत्तम चालते. पण मागे जे वेगळे व्यवस्थापनाचे पोर्ट आहे, त्यात केबल लावल्यावर दिवा लागतो, तरी आयड्रॅकचे, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळण्याच्या डेलच्या सोयीचे, पान उघडत नाही. २०१९ च्या महापुरात कित्येक दिवस पेढीपर्यंत पोहोचता आले नव्हते, म्हणून ही सोय आम्हाला हवीच आहे. सर्व्हरच सदोष आला असे समजावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. आयड्रॅक हा मुख्य सर्व्हरच्या बोर्डावर बसवलेला एक लहान, स्वतंत्र संगणक आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची साठवण आणि स्वतःचा नेटवर्क पत्ता असतो, आणि सर्व्हर बंद असला तरी भिंतीतल्या प्लगमधून वीज मिळत असेपर्यंत तो जागाच राहतो. त्यामुळे विक्रेत्याने हार्डडिस्क कितीही स्वच्छ पुसून दिल्या असल्या, तरी आधीच्या मालकाने आयड्रॅकमध्ये केलेली मांडणी जशीच्या तशी आपल्याकडे येते. वापरलेल्या सर्व्हरच्या बाबतीत दुरून ताबा न मिळण्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ बिघाडात नसून या वारशात असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे लिनक्स चालू आहे ही मोठी जमेची बाजू आहे. आयपीएमआयटूल हे पॅकेज बसवून त्याचा ‘लॅन प्रिंट’ हा आदेश द्यावा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याने घेतलेल्या अशाच यंत्रावर त्या यादीत पत्ता, मास्क, गेटवे सर्व ठीक दिसत होते. फक्त खालच्या बाजूला व्हीलॅनच्या (एकाच नेटवर्कचे क्रमांक देऊन केलेले वेगळे भाग) ओळीत ‘बंद’ असे येण्याऐवजी ४० हा आकडा होता. आधीच्या कंपनीच्या नेटवर्कात तो क्रमांक लागत असणार. कारखान्यातल्या साध्या स्विचला तो ठाऊक नव्हता. दिवा लागायचा, पण उत्तर येत नव्हते. ती एक नोंद बंद करताच पान उघडले. आपले लक्षण तंतोतंत असेच असल्यामुळे ही ओळ सर्वप्रथम पाहावी.

तिथे काही न सापडल्यास सर्व्हर सुरू होताना एफ२ दाबून आयड्रॅक सेटिंग्जमध्ये जावे आणि नेटवर्कसाठी कोणते पोर्ट निवडले आहे ते तपासावे. वेगळे पोर्ट वापरायला एंटरप्राइझ लायसन्स लागते; केवळ एक्सप्रेस लायसन्स असेल तर आयड्रॅक सर्व्हरच्या नेहमीच्या नेटवर्क पोर्टवरूनच बोलतो, आणि मग केबल चुकीच्या जागी लावून आपण दिवसभर वाट पाहत बसतो. एंटरप्राइझ लायसन्स नसेल तर दूरचा पडदा, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन आपल्या संगणकावर पाहण्याची सोय, तीही मिळत नाही. हे लायसन्स त्या यंत्राच्या सर्व्हिस टॅगशी बांधलेले असते, म्हणून ते आहे की नाही हे खरेदीपूर्वीच विक्रेत्याला विचारून घेणे उत्तम. आहे असे दिसल्यास त्याची फाइल लगेच उतरवून जपून ठेवावी.

आयड्रॅक गोठल्यासारखा वाटल्यास समोरचे ‘आय’ अक्षराचे बटण १५ सेकंदांहून अधिक काळ दाबून धरावे. त्याने फक्त आयड्रॅक पुन्हा सुरू होतो. सर्व्हरवरचे काम थांबत नाही आणि जुनी मांडणीही पुसली जात नाही. ती पुसायची तर एफ२ च्या त्याच भागात मूळ मांडणीवर नेण्याचा पर्याय आहे, आणि तो आपण वापरावाच असा माझा आग्रह आहे, कारण आधीच्या मालकाची खाती आणि पासवर्ड आपल्या यंत्रावर राहू देण्यात काहीच शहाणपण नाही. त्यानंतर पत्ता १९२.१६८.०.१२० होतो आणि वापरकर्ता ‘रूट’, पासवर्ड ‘कॅल्विन’ चालतो. हा पासवर्ड जगजाहीर असल्यामुळे आत शिरताच बदलावा.

पान उघडूनही पडदा उघडला नाही, तर दोष बहुधा जावाचा असतो. जुन्या फर्मवेअरमध्ये (आयड्रॅकच्या आतल्या प्रणालीत) पडद्यासाठी जावाची फाइल उतरते आणि ती टीएलएस या सांकेतिक संपर्कपद्धतीच्या जुन्या आवृत्तीवर बोलते. २०२१ च्या एप्रिलपासून जावा ८ ने टीएलएस १.० आणि १.१ मुळातच बंद केले आहेत. जावाची सुरक्षा कमी करून काम भागवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो देणार नाही. आयड्रॅक ७ चे फर्मवेअर अद्ययावत केले की पडदा थेट ब्राउझरमध्ये, जावाशिवाय उघडतो. फर्मवेअर फार जुने असेल तर एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी न मारता टप्प्याटप्प्याने चढावे, आणि त्या वेळात वीज जाणार नाही याची यूपीएस लावून खात्री करावी.

प्रश्न : एचपीच्या डीएल३८० जेन८ मध्ये आयलो ४ चा (एचपीच्या आयड्रॅकसारख्याच सोयीचा) पडदा सुरुवातीला दिसतो, पण लिनक्स सुरू होऊ लागले की लायसन्स मागून बंद होतो. नवे लायसन्स घेणे परवडत नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : हा बिघाड नव्हे. अॅडव्हान्स्ड लायसन्स नसलेल्या आयलोमध्ये रॅक सर्व्हरचा चित्ररूप पडदा ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्यापूर्वीपर्यंतच मिळतो. मात्र एसएसएचने (अक्षरांतून आदेश देण्याच्या सुरक्षित जोडणीने) आयलोत शिरून ‘व्हीएसपी’ हा आदेश दिल्यास आभासी सिरियल पोर्ट विनामूल्य मिळतो. बायोसमध्ये तो पोर्ट चालू करून लिनक्सच्या कर्नलला आपला मजकूर त्याच पोर्टवर पाठवण्यास सांगितले, की लॉगिनपर्यंत सर्व अक्षरांत दिसते. बूट अडकणे, डिस्कची तपासणी, नेटवर्क दुरुस्ती ही कामे एवढ्यावर सुखाने होतात. फर्मवेअर २.५३ च्या आधीचे असेल तर मात्र ते आजच बदला. पासवर्डाविना आत शिरता येईल असा गंभीर दोष त्या आवृत्तीत दुरुस्त झाला.

प्रश्न : घरून पाहता यावे म्हणून राउटरवरून आयड्रॅक किंवा आयलोचे पान थेट इंटरनेटवर उघडे केले तर चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मुळीच करू नये. आयड्रॅक आणि आयलो दोन्हींत असलेल्या आयपीएमआय २.० या दुरून व्यवस्थापनाच्या पद्धतीच्या रचनेतच असे आहे की, वापरकर्त्याचे नाव ठाऊक असलेल्या कोणालाही पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेला सांकेतिक ठसा) मिळतो आणि तो घरी बसून फोडता येतो. फर्मवेअर बदलून हे जात नाही. राउटरवर किंवा एखाद्या लहान संगणकावर वायरगार्डसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित मार्ग) बसवावे आणि व्यवस्थापनाचे पान फक्त त्यातूनच उघडावे. व्हीपीएनचा तो संगणक याच सर्व्हरच्या आत बसवू नये, कारण सर्व्हर बंद पडला की नेमक्या त्याच वेळी आपला मार्गही बंद होईल. त्याला आणि इंटरनेटच्या राउटरला वेगळ्या यूपीएसवर ठेवावे.