पायांना सूज आहे, पण त्रास काहीच नाही

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे हे पहिलेच बाळंतपण असून तिला तिसावा आठवडा सुरू आहे. काल तिचा रक्तदाब १४२/९२ भरला, म्हणून डॉक्टरांनी लघवी व रक्त तपासायला सांगितले. तिला त्रास काहीच नाही. पायांना सूज आहे, पण ती सर्वांनाच येते असे घरचे म्हणतात. डोहाळजेवण उरकून ती पुढच्या आठवड्यात माहेरी येईल. तपासणी इकडे आल्यावर केली तर चालेल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, थांबू नका; तपासणी तिकडेच आणि आजच करून घ्यावी. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो काही तासांनी पुन्हा मोजतात, आणि तो चढाच राहून लघवीतून प्रथिने जात असतील तर त्या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. बाळंतपणात येणारे झटके आपल्याकडे सर्वांना ऐकून माहीत असतात, पण त्याआधीचा हा टप्पा फार थोड्या जणींना ठाऊक असतो, आणि त्यात बाईला पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

पायांची सूज बहुतेकींना येते हे खरे, म्हणूनच केवळ तिच्यावरून काही ठरवता येत नाही. मात्र चेहरा सुजणे, अंगठी एकाएकी घट्ट होणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे यांपैकी काहीही झाले, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बरगडीखालच्या त्या दुखण्याला घरोघरी पित्त समजतात आणि मोलाचे तास निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

माहेरी येण्याबद्दल तिच्या डॉक्टरांनी अहवाल पाहूनच निर्णय द्यावा. हा आजार बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोके वर काढतो आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच डॉक्टर बदलतो. पहिल्या महिन्यांत तिचा रक्तदाब किती होता हे नव्या डॉक्टरांना कळावे, म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड व सर्व अहवाल तिच्यासोबतच असावेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, पण तुमच्या बहिणीने त्या तारखेची वाट पाहू नये.

गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात राहतो. आजार मात्र बाळ आणि वार बाहेर आल्यावरच ओसरू लागतो, त्यामुळे डॉक्टरांनी लवकर प्रसूतीचा सल्ला दिला तर घाबरू नये. प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, तेव्हा सव्वा महिन्याच्या आत तिचे डोके ठणकू लागले तर ‘वारा लागला’ म्हणून शेक देत न बसता आधी रक्तदाब मोजून घ्यावा.