डेनिस लॉ यांच्या गोलमुळेच मँचेस्टर युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरला, हे खरे आहे का?

आपला प्रश्न दुहेरी आहे. मँचेस्टर सिटीकडून खेळताना स्कॉटिश फुटबॉलपटू डेनिस लॉ यांनी केलेल्या गोलने युनायटेडला खाली ढकलले का, आणि तसे असेल तर युनायटेडच्याच मैदानाबाहेर त्यांचा पुतळा कसा? पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. ही दंतकथा इतकी रुळली आहे की आधी तिचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटते.

27 एप्रिल 1974 रोजी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर युनायटेड आणि सिटी यांच्यात हा सामना झाला. हंगामाअखेर तळाचे तीन संघ दुसऱ्या श्रेणीत घसरणार होते. तेव्हा विजयाला 2 गुण मिळत. युनायटेडच्या खात्यात 32 गुण होते आणि हा धरून दोनच सामने उरले होते, म्हणजे दोन्ही जिंकले असते तरी बेरीज 36 झाली असती. त्याच दुपारी बर्मिंगहॅम सिटीने नॉर्विचला हरवून 37 गुणांवर मजल मारली आणि युनायटेडचा तरणोपाय तिथेच संपला. लॉ यांनी गोल केला नसता, तरीही निकाल हाच राहिला असता.

मात्र मैदानावरच्या कोणालाही हे त्या क्षणी ठाऊक नव्हते. फ्रान्सिस लीकडून आलेला चेंडू लॉ यांनी गोलकडे पाठ असतानाच टाचेने मागे सारला आणि तो युनायटेडचा गोलरक्षक स्टेपनीला चकवून आत गेला. एरवी गोल होताच शर्टाची बाही मुठीत धरून एक हात आकाशाकडे उंचावणारा हा माणूस त्या दिवशी खाली मान घालून चालू लागला. सहकारी येऊन बिलगले, तरी चेहऱ्यावर आनंदाची रेषा उमटली नाही. लगेचच ते मैदानाबाहेर गेले, आणि इंग्लिश लीगमधला त्यांचा तो अखेरचा सामना ठरला. त्याची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी मला त्या माणसाबद्दल मनापासून वाईट वाटते.

आता पुतळ्याकडे वळतो. लॉ यांचा जन्म 24 फेब्रुवारी 1940 रोजी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे झाला. वडील खोल समुद्रात मासेमारीला जात, घरात सात भावंडे होती आणि हे सर्वांत धाकटे. त्यांच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता, त्यामुळे लहानपणी ते तो डोळा मिटून खेळत असत. पंधराव्या वर्षी हा किडकिडीत मुलगा हडर्सफील्ड टाउनमध्ये आला, त्यानंतर शस्त्रक्रियेने डोळा सुधारला आणि पुढे प्रशिक्षक बिल शँकली यांच्या हाताखाली त्यांचा खेळ बहरला. 1960 मध्ये सिटीने 55,000 पौंड मोजून त्यांना घेतले. पुढच्याच जानेवारीत, एफए कपच्या सामन्यात ल्यूटनविरुद्ध सिटी दोन गोलांनी मागे असताना, लॉ यांनी एकट्याने सहा गोल केले. परंतु मैदानात पाणी साचल्यामुळे सामना 69व्या मिनिटाला रद्द झाला आणि ते सहाही गोल नोंदीतून पुसले गेले. फेरसामन्यात सिटी 3-1 हरली, आणि तो एक गोलही लॉ यांचाच होता.

इटलीत तोरिनो क्लबकडे त्यांनी एक हंगाम काढला. तिथला बचावावर भर देणारा खेळ त्यांना मानवला नाही. 1962 मध्ये युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी 1,15,000 पौंड देऊन त्यांना युनायटेडमध्ये आणले, आणि इथून खरी कहाणी सुरू होते. युनायटेडचे अनेक खेळाडू ज्यात गेले त्या 1958 च्या म्युनिक विमान अपघातानंतर बझ्बी संघ नव्याने उभा करत होते आणि त्यांना गोल करणारा माणूस हवा होता. गोलसमोरच्या गर्दीत लॉ यांच्यासारखी चपळाई माझ्या मते त्या काळी ब्रिटनमध्ये दुसऱ्या कोणापाशी नव्हती. उंची बेताची असूनही ते हवेत उंच झेपावून डोक्याने गोल करीत आणि बचावपटू वळेपर्यंत चेंडू जाळ्यात गेलेला असे. स्वभाव मात्र तापट होता. 1963-64 च्या हंगामात त्यांना 28 दिवसांची बंदी सोसावी लागली, आणि तरीही त्याच हंगामात त्यांनी 46 गोल केले. क्लबचा तो विक्रम आजही अबाधित आहे. 1964 मध्ये त्यांना बॅलन डी'ऑर हा युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते आजवरचे एकमेव स्कॉटिश खेळाडू आहेत.

युनायटेडसाठी त्यांनी 404 सामन्यांत 237 गोल केले आणि दोन लीग विजेतेपदे मिळवली. 1968 मध्ये युनायटेडने युरोपियन कप जिंकला, तेव्हा मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना खेळता आले नाही. अंतिम सामना त्यांनी रुग्णालयातून पाहिला. सहकारी जॉर्ज बेस्ट आणि बॉबी चार्लटन यांच्यासोबत उभा असलेला त्यांचा पुतळा युनायटेडमधल्या या अकरा वर्षांच्या कामगिरीसाठी आहे. 1973 मध्ये क्लबने त्यांना विनामूल्य मोकळे केले, तेव्हाच ते सिटीकडे परतले होते. त्यामुळे युनायटेडच्या चाहत्यांनी त्यांच्यावर कधी राग धरला नाही आणि त्यांना दिलेले 'किंग' हे टोपणनावही काढून घेतले नाही.

स्कॉटलंडसाठी 55 सामन्यांत त्यांचे 30 गोल आहेत. या विक्रमाची बरोबरी केनी डॅल्ग्लिश यांनी केली, पण ते एकूण 102 सामने खेळले. 1967 मध्ये वेम्बलीवर जगज्जेत्या इंग्लंडला स्कॉटलंडने 3-2 असे हरवले, तेव्हा पहिला गोल लॉ यांनीच केला होता. विश्वचषकात ते फक्त एकदा, 1974 मध्ये झाईरविरुद्ध, खेळले. 2021 मध्ये त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर झाले आणि 17 जानेवारी 2025 रोजी, वयाच्या 84व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा ट्रस्ट ॲबर्डीनच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी संध्याकाळी मोफत खेळ भरवतो.