नवं पॅकेज थांबू दे, आधी एक पोरकं पॅकेज सांभाळ

प्रश्न : मी हिंगणा रोडवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून लॅपटॉपवर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो. तारखेवरून तिथी दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलाय. तो डेबियनमध्ये जावा अशी फार इच्छा आहे. अर्ज कुठे करायचा? ओळख लागते का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ओळख लागत नाही. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केलं आणि आजही ते स्वयंसेवकच चालवतात. पण स्वतःच्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करू नकोस, असं मी तुला कळकळीनं सांगते.

पॅकेज म्हणजे डेबियनवर थेट बसवता येईल असा बांधलेला गठ्ठा. माझं पहिलं पॅकेज एका देवनागरी फॉन्टचं होतं. महालातल्या घरी, ऐन मे महिन्यात, कूलरसमोर बसून तीन रात्रींत बांधलं. कंट्रोल फाइलीत वर्णन आणि अवलंबित्वं (म्हणजे चालायला लागणारी इतर पॅकेजं), रूल्समध्ये बांधणीची कृती, बदलांची नोंद ठेवणारा चेंजलॉग, सगळं नीट. तपासायला लिंटियन चालवलं, एकही तक्रार नाही. नवी पॅकेजं ज्या रांगेतून जातात तिथे ते काही आठवडे थांबलं आणि परत आलं. फॉन्टसोबत आलेल्या एका स्क्रिप्टचं लायसन्स वेगळं होतं. कॉपीराइट फाइलीत मी फक्त फॉन्टचंच लिहिलं होतं. दोन दिवस मन लागलं नाही. पण परत पाठवणाऱ्यांचं बरोबरच होतं. ते पॅकेज जगभर कुणीही उतरवून पुढे वाटणार. त्यातली प्रत्येक फाइल वाटायचा हक्क आहे की नाही, हे कुणीतरी बघायलाच हवं.

म्हणून आधी जुनं पॅकेज घे. जुन्याला सहसा ती रांग लागत नाही. 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' नावाचं पॅकेज टाक. तुझ्याच मशीनवरच्या कुठल्या पॅकेजांना आता मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, उरलेला नाही, हे ते सांगतं. त्यातलं लहानसं, तू रोज वापरतोस असं निवड. 'हे मी सांभाळतो' असं त्याच्या बग-नोंदीत कळव. मूळ लेखकाची नवी आवृत्ती आण, साचलेले बग वाच. बांधणी मात्र एसबिल्ड या साधनानं स्वच्छ वातावरणात कर. तुझ्या लॅपटॉपवर आधीच ढीगभर लायब्रऱ्या असतात, त्यामुळे लिहायचं राहून गेलेलं अवलंबित्व तिथे लक्षातच येत नाही.

मग आपल्या जीपीजी किल्लीनं (डिजिटल सहीच्या किल्लीनं) सही करून ते मेंटॉर्सच्या, म्हणजे स्पॉन्सर शोधणाऱ्यांची पॅकेजं ठेवायच्या, साइटवर चढव आणि स्पॉन्सर माग. स्पॉन्सर म्हणजे अपलोडचा अधिकार असलेला डेबियन डेव्हलपर. तो तुझं काम तपासतो आणि स्वतःच्या सहीनं पुढे पाठवतो. उत्तर लवकर आलं नाही तर रागावू नकोस, ही माणसं नोकरी सांभाळून हे करतात. नम्रपणे आठवण कर. पॅकेज आधी 'सिड' या डेबियनच्या अस्थिर शाखेत जातं आणि गंभीर बग निघाला नाही तर सहसा २ ते १० दिवसांत टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडते त्या शाखेत.

तुझा प्रोग्रॅम पायथनचा आहे, तर पुढे त्यासाठी डेबियनच्या पायथन टीममध्ये जा. परीक्षेच्या दिवसांत तू गायब झालास तरी पॅकेजकडे बघणारं कुणी असेल.

तोवर एक काम आजच कर. तिथ्या तू गणितानं काढतोस की छापील पंचांगातला तक्ता उतरवून घेतलायस? तक्ता असेल तर प्रकाशकाकडे लेखी परवानगी माग, आणि त्यात पुढे इतरांनाही तो बदलून वाटता येईल असं स्पष्ट लिहून घे. नुसतं 'तुम्ही वापरा' एवढ्यावर डेबियनमध्ये भागत नाही.