राष्ट्राध्यक्षाला कोण अडवणार?

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीला असते म्हणून तिकडच्या बातम्या बघते. राष्ट्राध्यक्ष एवढा पॉवरफुल, सैन्य त्याच्या हाताखाली, मग कोर्टाने नाही म्हटलं की तो ऐकतो कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, खूप छान विचारलंत. बघा, तिकडे अमेरिकेत सत्तेचे तीन भाग केलेत, कायदा काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) करणार, राबवणार राष्ट्राध्यक्ष, आणि तो कायदा घटनेत बसतो का ते कोर्ट बघणार. १९५२ ची गोष्ट सांगतो, मला फार आवडते. कोरियात युद्ध चालू, इकडे स्टीलचे कामगार संपावर जायच्या बेतात, तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ८ एप्रिलला रात्री रेडिओ-टीव्हीवर येऊन सांगितलं की कारखाने सरकार ताब्यात घेतंय. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला, काँग्रेसने असा अधिकार दिलेलाच नाही, कारखाने परत करा! आणि नऊच्या नऊ न्यायाधीश आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनीच नेमलेले होते हो, ट्रूमन यांच्या चौघांपैकी दोघं त्यांच्याच विरोधात गेले. न्यायाधीश तिथे तहहयात असतात आणि त्यांचा पगार कमी करता येत नाही, त्यामुळे नेमणाऱ्याची भीती राहत नाही. कोर्टाकडे ना फौज ना तिजोरी, तरी ट्रूमन यांनी कारखाने लगेच परत केले, मग संप झालाच, पन्नासहून जास्त दिवस चालला.