पडद्यावरची नावं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे इस्राएलला गेलो होतो. तिथल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, तोरा ह्या धर्मग्रंथाच्या कपाटापुढच्या मखमली पडद्यावर, ब्रिटिशांविरुद्ध भूमिगत राहून लढलेल्या आणि त्यात मेलेल्या तरुणांची नावं जरीने भरलेली दिसली. पुढे यरुशलेमच्या जुन्या तुरुंगात, तिथे आता संग्रहालय आहे, एका फाशीच्या कैद्याचं बायबल पाहिलं. आपल्याकडे हुतात्म्यांचे पुतळे आणि स्तंभ उभारतात. प्रार्थनेच्या वस्तूंवर नावं घालण्यामागे काय विचार असतो? आणि हाती शस्त्र घेतलेल्यांची नावं देवाच्या दारात असावीत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुसरा प्रश्न जड आहे, तो शेवटी घेते.

आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत ही रीत घरोघरची आहे. माणूस गेला की त्याच्या आठवणीसाठी घरचे सिनेगॉगला काहीतरी देतात. कुणी दिवा देतं, कुणी किद्दुशचा, म्हणजे द्राक्षरसावरच्या प्रार्थनेचा चांदीचा पेला, कुणी हेखालचा, म्हणजे तोराच्या कपाटाचा पडदा. ऐपत असली तर अख्खं सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी. वस्तूवर गेलेल्याचं नाव, वडिलांचं नाव आणि तिथी. माझे वडील आमच्या सिनेगॉगचे खजिनदार होते. तिश्री महिन्यातले, सप्टेंबर-ऑक्टोबरातले सण जवळ आले की सेफेरवरचे रिम्मोन, म्हणजे डाळिंबाच्या आकाराचे चांदीचे कळस, घासायला घरी यायचे. दंतमंजन लावून आम्ही भावंडं ते चकचकीत करायचो आणि घासता घासता नावं वाचायचो. ज्यांना कधी पाहिलंही नाही अशा माणसांची नावं मला आजही पाठ आहेत. ते रिम्मोन सेफेरवर बसवून मिरवले की त्यांची घुंगरं वाजतात, सगळे उठून उभे राहतात, हात पुढे करून शिवतात आणि बोटं ओठांना लावतात.

आमच्याकडे उपासनेच्या जागी माणसाची मूर्ती चालत नाही, दहा आज्ञांमधलीच ती मनाई आहे. मग आठवण ठेवायची कशात? जी वस्तू रोज हाताळली जाते तिच्यात. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकूवचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे इस्सरलिस यांनी लिहून ठेवलंय की दान देणाऱ्याने वस्तूवर आपलं नाव घालावं, ते स्मरण म्हणून राहतं आणि तसं करणं योग्यच आहे. गेलेल्यांच्या नावाने दान देणारेही तेच करत आले. लढ्यात मेलेल्या मुलांसाठी वेगळी रीत काढावी लागली नाही. वारलेल्या म्हाताऱ्यांच्या नावाशेजारी ह्या पोरांची नावं आली, एवढंच.

तुम्ही पाहिलेलं बायबल मेईर फाइनस्टाइनचं. तो इर्गुनचा, म्हणजे पॅलेस्टाइनवरच्या ब्रिटिश राजवटीशी भूमिगत राहून लढणाऱ्या ज्यू गटाचा. यरुशलेमच्या रेल्वे स्टेशनवर 30 ऑक्टोबर 1946 रोजी झालेल्या हल्ल्यात तो जखमी झाला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. त्याच्यासोबत कोठडीत मोशे बराझानी, इराकमध्ये जन्मलेला, लेही ह्या दुसऱ्या गटाचा. मार्च 1947 मध्ये हातबॉम्बसह पकडला गेलेला. दोघांना फाशीची शिक्षा झाली होती. साथीदारांनी पोखरलेल्या संत्र्यांतून स्फोटकं तुरुंगात पोहोचवली. फाशी देणाऱ्यांनाही सोबत न्यायचं असा मूळ बेत होता. पण रब्बी गोल्डमन शेवटपर्यंत सोबत राहणार असं कळलं आणि त्यांना इजा होऊ नये म्हणून दोघांनी बेत बदलला. 21 एप्रिल 1947 च्या रात्री त्यांनी पहाऱ्यावरच्या गुडविन नावाच्या ब्रिटिशाला, प्रार्थना करायची आहे असं सांगून, दूर जायला लावलं. त्याआधी मेईरने त्याला आपलं बायबल दिलं होतं, चार ओळी लिहून. आम्ही ताठ मानेने गेलो हे लक्षात ठेव, असा त्यांचा आशय. मग दोघांनी एकमेकांना मिठी मारून मधे बॉम्ब फोडला. मेईर 19 वर्षांचा होता.

साठ वर्षं ते पुस्तक ब्रिटनमध्ये एका घरात राहिलं. 2007 मध्ये गुडविनच्या मुलाने ते यरुशलेमला आणून दिलं. शत्रूच्या घराने जपलेली ही एक वस्तू मला सगळ्या कोरीव ताम्रपटांहून मोलाची वाटते. ती काचेमागे आहे ते बरोबरच, कारण त्यातल्या ओळी पुन्हा लिहिता येणार नाहीत. पण सेफेर तोरा किंवा पडदा काचेत ठेवलेला पाहिला की मला वाईट वाटतं. त्या वस्तू वापरायच्या आहेत, त्यावरचं नाव जुनं झालं तरी चालेल.

प्रार्थनेची वस्तू स्मारकावर आल्याचीही एक गोष्ट तुम्हाला आवडेल. वॉर्साच्या घेट्टोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या उठावाचं नातान रापोपोर्टने केलेलं स्मारक 1948 मध्ये उभं राहिलं. मधे लढवय्यांच्या आकृती आणि दोन्ही बाजूंना सिंहांनी धरलेल्या मेनोरा, म्हणजे सात फाट्यांच्या दीपवृक्षाची जोडी. त्या घेट्टोतला उठाव 19 एप्रिल 1943 ला, वल्हांडणाच्या, म्हणजे आमच्या पेसाह सणाच्या आदल्या दिवशी सुरू झाला होता. इस्राएलच्या संसदेसमोर बेन्नो एल्कानची कांस्याची मेनोरा आहे, तिच्यावरही हा उठाव कोरलेला आहे. आणि ती ब्रिटिश संसद सदस्यांकडून 1956 मध्ये भेट आलेली! मेईरच्या मृत्यूनंतर नऊच वर्षांनी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इर्गुनने 22 जुलै 1946 रोजी किंग डेव्हिड हॉटेल उडवलं. 91 माणसं मेली, त्यात ब्रिटिश होते, अरब होते, ज्यूही होते. लेहीने 1944 मध्ये कैरोत ब्रिटिश मंत्री लॉर्ड मॉइनना मारलं, 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नादोत यांना. त्या घरांचं दुःख ह्यांच्या घरांइतकंच खरं आहे, आणि ही कृत्यं मी पवित्र मानणार नाही. तरीही पडद्यावरची नावं मला खटकत नाहीत. तिथे नाव, बापाचं नाव आणि तिथी असते. कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणणारा मृतासाठी म्हणतो, त्याच्या कृत्यासाठी नव्हे. कुणी पडद्यावर बंदूक भरायला निघालं तर मी विश्वस्तांना पत्र लिहून विरोध करीन.

पुण्याला जाणार असाल तर तिथलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, जरूर पाहा. आधी परवानगी घ्या, पुरुषांनी डोकं झाकायचं, आणि शनिवारी कॅमेरा बाहेर काढू नका.