कोयता पहिल्या पानावर आण

पोरी,

तुझी स्क्रिप्ट नीट वाचली. गोष्ट लई चांगलीय. धारूरच्या डोंगरातलं गाव, ऊसतोडीला निघालेले आई-बाप, मागं आजीजवळ राहणारं बारा वर्षांचं पोरगं, हे सगळं तुझ्या डोळ्यादेखतचं आहे म्हणून कुठंच खोटं वाटत नाही. पण सुरुवात बदलावी लागंल. म्हणून आज फक्त सुरुवातीबद्दल लिहायलोय, बाकीचं भेटल्यावर बोलू.

आत्ता तुझ्या पहिल्या पानावर काय आहे बघ. ड्रोनमधून गाव, त्यावर निवेदन की हा आमचा दुष्काळी भाग, मग काळ्या स्क्रीनवर मजुरांच्या आकडेवारीच्या पाट्या, मग मोबाईलचा अलार्म, आई भाकरी थापायलीय, पोरगं आरशात बघून केस विंचरतंय. म्हणजे वातावरणाला एक शॉट, गावाला एक, पात्राला एक असं वाटून दिलंयस. हे बघताना प्रेक्षक नुसता माहिती घेत बसतो, त्याच्या आत काही हलत नाही, आन एकदा का तो माहिती घ्यायच्या मूडमधी गेला की पुढं तू कितीही जीव तोडून सीन केलास तरी तो लांबूनच बघणार. माझं म्हणणं एवढंच आहे की मूड, जागा आणि माणूस हे तिन्ही एकाच कृतीतून आले पाहिजेत. कुणीतरी काहीतरी करायलंय, त्याला ते मनापासून पाहिजे, आन तो ते करत असताना भोवतालची जागा आपोआप दिसायलीय.

फँड्री आठव, २०१३ चा. सुरुवातीलाच जब्या हातात गलोल घेऊन माळावर, काट्याकुट्यातून काळ्या चिमणीच्या मागं फिरतो, सोबतीला पिऱ्या. हा कोण, घरची परिस्थिती काय, गावात त्याला कुठं उभं करतात, काही सांगत नाहीत. पण तो रखरखीत माळ दिसतो, पोराची नजर दिसते, आन ह्याला काहीतरी पाहिजे जे हाताला लागेना हे न सांगता कळतं. चिमणी कशासाठी पाहिजे ते नंतर उलगडतं. आणि शेवटी जो दगड सरळ आपल्या अंगावर येतो ना, तो एवढा लागतो कारण हा पोरगा नेम धरून दगड मारणारा आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहितीय. सुरुवातीत पेरलेलं शेवटी असं उगवतं.

आता शोले, १९७५ चा, तुझ्या बापानंसुद्धा पाठ केलेला असंल. एक रेल्वे स्टेशन, जेलर उतरतो, रामलाल त्याला घ्यायला आलेला, दोघं घोड्यावर बसून निघतात आन पडद्यावर नावं पडत राहतात. नावं पडायच्या वेळात आपण खुर्ची सरकवतो, बाजूच्याशी बोलतो, पण तेवढ्यात खडक, डोंगर, पायवाट, गाव असा सगळा मुलूख डोळ्याखालून गेलेला असतो. पुढं गब्बरची माणसं कुठून येणार ते वेगळं समजून सांगावं लागत नाही. मग ठाकूर दिसतो, अंगावर शाल. लगेच पुढच्या फ्लॅशबॅकमधी मालगाडीवरच्या मारामारीत त्याच ठाकूरचे हात चालताना दिसतात, त्यामुळं शालीखाली काय नाही ही शंकासुद्धा येत नाही. दुसऱ्यांदा बघताना मात्र ती शाल डोळ्यात खुपायला लागते. ही सुरुवात फक्त सुरुवात म्हणून परत बघ, पॉज करत करत, आन जेलर अन् ठाकूर भेटतात तेव्हा त्या शालीकडं बघ.

कोर्ट (२०१४) चं थोडक्यात सांगतो. त्यातला शाहीर नारायण कांबळे आधी घरात पोरांची शिकवणी घेतो, मग बसनं जातो, स्टेजवर गातो, आणि तिथंच पोलिस त्याला घेऊन जातात. कॅमेरा लांब, जागेवर. पहिल्या काही मिनिटांतच कळतं की हा पिक्चर आपल्याला कुणाच्या तोंडाजवळ नेऊन रडवणार नाही, लांबून शांतपणे बघायला लावणार. सुरुवात असं बघायचं कसं तेही ठरवून देते. तुझ्या फिल्ममधी कॅमेरा पोराजवळ राहायला पाहिजे, मग पहिला शॉट आभाळातून कशाला? ते पोरगं काय आभाळातून गाव बघत नाही. ड्रोन मित्राचा फुकट मिळायलाय हे कारण होत नाही माय.

आता मूळ मुद्दा. तुझी खरी सुरुवात तुझ्याच स्क्रिप्टमधी आहे, पान चारवर. पोरगं रात्री बापाचा कोयता कडब्याच्या गंजीत लपवतं. हे लिहून तू पुढं निघून गेलीस, दोन ओळीत संपवलंस! अगं तिथंच तुझा पिक्चर आहे. जोडप्यालाच जिथं एक कोयता म्हणून मोजतात, कोयत्यावर उचल म्हणजे आगाऊ पैसे देतात, तिथं ते पोरगं कोयता लपवून आई-बापाला थांबवायला बघतंय, ह्यापेक्षा मोठं काय सांगणार तुझ्या पाट्या?

मला ते असं दिसतं. स्क्रीन काळी. फक्त आवाज, कानस घासल्याचा, बाप कोयत्याला धार लावायलाय. चित्र नाही. थोडा वेळ तेवढंच चालू दे, घाबरू नको. मग वाकळातून पोराचे उघडे डोळे. आवाज थांबतो. बाप कोयता भिंतीला टेकवतो, बाहेर जातो, ट्रॅक्टरमधी पत्रे, बाज, भांडी चढवायला. पोरगं उठतं, आजीला ओलांडून जातं, कोयता पोटाशी धरतं (धार बाहेरच्या बाजूला, त्याला ते कळतं, ऊसतोडवाल्याचं पोरगं आहे), मागच्या दारानं गंजीकडं. गेल्या रब्बीचा उरलेला कडबा, कमरेएवढी गंजी, त्यात आत सरकवतं आन परत येऊन वाकळात. तेवढ्यात ट्रॅक्टरचा हॉर्न. बाप विचारतो, कोयता कुठंय? आई इकडं बघते, तिकडं बघते, मग पोराकडं बघते. पोरगं डोळे गच्च मिटून पडलंय, लई गच्च, झोपलेलं माणूस एवढे गच्च मिटत नाही. आईला कळतं. ती काहीच बोलत नाही. इथं टायटल टाक.

ह्यात गाव आलं, घर आलं, आई कशी आहे ते आलं, आन ते निवेदन पुरतं गेलं.

मजुरांची टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमाचं तोंड दाखवू नको. गॉडफादर (१९७२) च्या सुरुवातीला अंधारात एक माणूस न्याय मागत असतो, कॅमेरा हळूहळू मागं सरकतो, आपल्याला बराच वेळ फक्त त्याचंच तोंड दिसतं, आणि तो ज्याच्यापुढं बसलाय त्याचा आधी खांदा आन हात येतो. डॉनचं वजन त्यातून तयार होतं. तुझा मुकादम बाहेर ट्रॅक्टरजवळ आहे, हॉर्न आन एक हाक, बस. घरातली माणसं त्या हाकेला कशी हलतात तेवढं दाखव.

आवाजाचं सांगतो, कारण तुम्ही सगळे कॅमेऱ्यावर पैसा घालता आन आवाज शेवटी बघू म्हणता. वन्स अपॉन अ टाईम इन द वेस्ट (१९६८) च्या सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघतात, बराच वेळ संगीत असं नाहीच, पवनचक्कीची करकर, टोपीवर टपटप पडणारं पाणी, तोंडावर घोंगावणारी माशी. एवढ्यावर माणूस खुर्चीला खिळून राहतो. म्हणून तू कानशीचा आवाज खरा घे. लायब्ररीतला उचलू नको. गावात ज्याच्याकडं धार लावतात त्याच्याजवळ बस, मोबाईलवर जवळून रेकॉर्ड कर, पंखा बंद, आन एकदा लांबून, दोन भिंतीपलीकडून पण घे, वाकळात ऐकू येतो तसा. सीन सुरू होताना लांबचा लाव, डोळे उघडले की जवळचा. बासरी-बिसरी काही नको तिथं.

पहाटेचा उजेड फार टिकत नाही, म्हणून घरातलं आदल्या रात्रीच उरकून घे, बाहेरचं तेवढं पहाटे.

एका गोष्टीवर तू माझ्याशी भांडशील, ते आधीच सांगतो. आकडेवारी नाही दिली तर पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार कसं, असं म्हणशील. नाही कळलं तर नाही कळलं पहिल्या दोन मिनिटात. उचल काय, टोळी काय, फडावरची झोपडी म्हणजे कोपी काय, हे त्याला पुढं कळू दे, त्या आईचं गप्प राहणं मात्र त्याला लगेच कळंल. आन आकडे द्यायचेच असतील तर शेवटी दे, तेव्हा ते वाचणाऱ्याच्या डोक्यात एक पोरगं असंल.

दसरा झाला की टोळ्या हलायला लागतील. त्याआधी पहिलं पान नव्यानं लिहून पाठव, एकच पान, आन सोबत कानशीचं रेकॉर्डिंग. मुकादमाच्या हाकेला कुणाचा आवाज घ्यायचा ते ठरलं नसंल तर सांग, इथं अंबाजोगाईत नाटकातला एक माणूस आहे, त्याला विचारून ठेवतो.

तुझा सर